काळ्या पाषाणातून प्रावरणाकडे: विदर्भातल्या ज्वालामुखी खडकांचं भूरसायन कसं वाचावं

यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, अमरावती किंवा वर्धा जिल्ह्यात विहीर खोदली की आधी काळी माती लागते, मग मुरूम आणि मुरमाखाली काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतला बेसाल्ट, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. त्याचा शिलारस प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या मँटलमध्ये, वितळून तयार झाला आणि कवचातून वाट काढत वर आला. प्रावरणाचा तो भाग किती खोल होता, किती वितळला आणि कसा होता, हे दगडाच्या रसायनावरून काढता येतं. इथे ते काम पायरीपायरीनं दिलं आहे. भूशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवले आहेत, पण दगडाचं कुतूहल असलेल्या कुणालाही पहिला अर्धा भाग वापरता येईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरावी. शिलारस वितळल्यावर दगडावर तीन थर चढलेले असतात. वर येताना त्यानं कवचाचा माल गिळला, वाटेत थांबून त्यातून स्फटिक खाली बसले आणि थिजल्यावर पावसापाण्यानं तो कुजला. आपल्याला हे उलट्या क्रमानं सोलायचं आहे. आधी कुजणं, मग स्फटिक, मग कवच आणि शेवटी प्रावरण. हा क्रम मोडला की कुजलेल्या दगडातलं पोटॅशियम प्रावरणाच्या नावावर जमा होतं. अशा चुका प्रयोगशाळेत फार कमी होतात. बहुतेक चुका हातोडा मारतानाच होऊन गेलेल्या असतात, म्हणून नमुन्याबद्दल इथे सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

दगड कुठून घ्यावा

सगळ्यात चांगली जागा म्हणजे चालू गिट्टी खदान. तिथे १० ते २० मीटर उंचीची ताजी भिंत दिसते, लाव्हाच्या प्रवाहाचा तळ, मधला भाग आणि माथा ओळखता येतो आणि सुरुंगानं फुटलेला दगड कुजलेला नसतो. मालकाला विचारून, सुरुंगाच्या वेळा कळून घेऊन, हेल्मेट घालूनच आत जावं. लटकत्या कडेखाली उभं राहून हातोडा मारू नये. नमुना भिंतीच्या पायथ्याशी पडलेल्या ढिगातून घ्यायचा असेल, तर तो नेमका कुठल्या पातळीवरून पडला हे खात्रीनं सांगता आलं पाहिजे.

दुसरी जागा म्हणजे वावरातली नवी विहीर. खोदकामाचा ढीग काठावर उलट्या क्रमानं रचलेला असतो, सगळ्यात खोल भागातला दगड शेवटी निघतो आणि ढिगाच्या वर येतो. खोदणाऱ्यांना विचारलं तर कुठला दगड किती फुटांवर निघाला हे ते बरोबर सांगतात. ते लगेच वहीत टिपावं, कारण पावसाळ्यानंतर ढीग पसरतो आणि क्रम जातो. नमुन्यासाठी विहिरीत उतरू नये. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, आणि सुरुंगानंतरचा धूरही खोलवर साचून राहतो.

धुऱ्यावर रचलेले गोटे मात्र घेऊ नयेत. ते कुठून आले ते कळत नाही आणि वर्षानुवर्षं डीएपी, पोटॅश मुरलेल्या मातीत पडून असतात. आपल्याला मोजायची असलेली फॉस्फरस आणि पोटॅशियम हीच मूलद्रव्यं खतातही असतात.

अकोला, बुलढाणा आणि अमरावतीतून जाणाऱ्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बेसाल्ट शोधत फिरू नये. तिथे तो जाड गाळाखाली पुरलेला आहे. पट्ट्याच्या उत्तरेला गाविलगडच्या डोंगरात चिखलदऱ्याकडे प्रवाहांच्या एकावर एक चढलेल्या पायऱ्या उत्तम दिसतात, पण तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा परिसर आहे. वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथला एक खडाही उचलू नये. लोणारचंही तसंच. ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळही आहे. शिवाय लोणारच्या काठावरचे दगड उल्केच्या आघातानं उसळून पडलेले आहेत, प्रवाहांचा क्रम लावायला ते उपयोगाचे नाहीत.

पूर्वेकडे जाताना नागपूरशी ट्रॅप, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टचा पट्टा, संपतो. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे, पण त्यापुढे भंडारा-गोंदियाकडे जुना नाईस, म्हणजे पट्टिताश्म, उघडा पडतो. तिकडचे डोंगरगड पट्ट्यातले ज्वालामुखी खडक, उदाहरणार्थ बिजली रायोलाइट, २०० कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांच्यासाठी नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढे येतील.

हातात काय असावं

दीड किलोचा हातोडा, चार किलोचा घन, छिन्नी, दहापट भिंग, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची थेंबबाटली, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, न पुसणारा मार्कर, सामान तोलायचा काटा आणि एक बादली. चष्मा लागतोच, कारण ताज्या बेसाल्टची कपची काचेसारखी उडते. मोबाइलवरचं स्थान नकाशासाठी पुरतं, पण त्यावरची उंची १० ते २० मीटरनं सहज चुकते. प्रवाहांची जाडी मोजायची तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरची समोच्चरेषा आधार धरावी आणि तिथून टेपनं मोजावं.

प्रवाह ओळखणं असं. खालून वर जाताना तळाशी कधी नळीसारखी उभी छिद्रं दिसतात, मग घट्ट काळा गाभा लागतो, त्यात उभे सांधे असतात. माथ्याकडे छिद्रं वाढतात आणि त्यांत पांढरे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरलेली असते. विहीर खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. काही ठिकाणी त्यावर गेरूसारखा लाल थर असतो. तो लाल थर म्हणजे दोन उद्रेकांमधला विसावा, त्या काळात झिजून तयार झालेली माती. नमुना गाभ्यातूनच घ्यावा. मांजऱ्यात पाणी फिरलेलं असतं. त्यातलं सोडियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम पाण्यानं नंतर आणून टाकलेलं असतं.

दगड ताजा आहे का हे जागेवरच तपासता येतं. घनानं ठोकल्यावर ताजा बेसाल्ट ठणठणतो, कुजलेला भद्द वाजतो. गोल गोट्यांवर कांद्यासारखे तपकिरी पापुद्रे असतात. ते सगळे काढून मधला काळा गाभाच ठेवावा, मग हातात अर्धाच दगड उरला तरी चालेल. फोडलेल्या ताज्या पृष्ठभागावर आम्लाचा थेंब टाकावा. फसफसलं तर आत कॅल्साइट आहे. काळ्या मातीतली चुनखडी भेगांतून बरीच खाली उतरते, त्यामुळे डोळ्याला न दिसणारी पांढरी नसही थेंबानं पकडली जाते. मग वजनाची कसोटी घ्यावी. दगड काट्याला दोरीनं टांगून आधी हवेत आणि मग बादलीच्या पाण्यात बुडवून तोलावा. हवेत १.४५ किलो आणि पाण्यात ०.९५ किलो भरला, तर फरक ०.५० आणि घनता १.४५ भागिले ०.५०, म्हणजे २.९. ताजा घट्ट बेसाल्ट २.८ ते ३.० च्या दरम्यान येतो. २.७ च्या खाली आला तर छिद्रं किंवा कुजणं आहे, दुसरा तुकडा फोडावा. या कसोटीला दोन मिनिटं लागतात, आणि ती चुकवली तर पुढचे हजारो रुपये वाया जाऊ शकतात.

किती घ्यावा हे कणांच्या आकारावर ठरतं. बारीक कणांचा दगड एक ते दीड किलो पुरे. बोटाच्या पेराएवढे पांढरे प्लॅजिओक्लेज स्फटिक असतील तर चार-पाच किलो लागतो, नाहीतर एखाद-दुसरा स्फटिक जास्त आला की सगळं रसायन हलतं. प्रत्येक नमुन्याचा मुठीएवढा तुकडा पातळ छेदासाठी वेगळा ठेवावा. पिशवीवर आणि पिशवीच्या आत चिठ्ठीवर, दोन्हीकडे क्रमांक लिहावा. दगडाच्या ज्या बाजूचं पीठ होणार तिथे मार्कर लावू नये.

पीठ करणं

पातळ छेद आधी करावा, पीठ नंतर. ०.०३ मिलिमीटर जाडीच्या छेदात ऑलिव्हीन या खनिजाचं कुजून इडिंग्साइट झालंय का, काचेच्या जागी कुजण्यानं हिरवट क्लोरोफीआइट आलंय का, हे दिसतं. छेद वाईट निघाला तर त्या नमुन्यावर एकही रुपया खर्च करू नये.

करवतीनं बाहेरची साल कापावी. करवतीच्या पात्याचे धातू दगडाला लागतात, म्हणून कापलेली प्रत्येक बाजू सँडपेपरवर घासून, शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिक टाकीत धुवावी. मग ११०° सेल्सियसला रात्रभर वाळवावं. जॉ क्रशरमध्ये पाच-सहा मिलिमीटरच्या चिपा कराव्यात आणि भिंगाखाली बघत पांढऱ्या भरावाच्या, तपकिरी सालीच्या चिपा चिमट्यानं वेचून काढाव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, पण समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) निकालात सगळ्यात जास्त फरक याच वेचणीनं पडतो. उरलेल्या चिपांचा ढीग करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन घ्यावेत, दोन ठेवावेत. हेच पुन्हा करत साधारण १०० ग्रॅमवर यावं.

दळायला अगेटचं भांडं वापरावं. टंगस्टन कार्बाइड झपाट्यानं दळतं, पण पिठात टंगस्टन, कोबाल्ट आणि टँटलम सोडतं. टँटलम हे निओबियमचं जोड मूलद्रव्य, आणि प्रावरणाच्या हिशोबात दोन्ही लागतात. पोलादी भांडं लोह आणि क्रोमियम सोडतं. अगेट फक्त सिलिका सोडतं, आणि बेसाल्टमध्ये ती निम्मी असतेच. दर दोन नमुन्यांमध्ये स्वच्छ वाळू दळून भांडं धुवावं आणि पुढच्या नमुन्याच्या थोड्या चिपा दळून फेकाव्यात. पीठ २०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे ७५ मायक्रॉनमधून, जाईल इतकं बारीक हवं.

मोजमाप

मुख्य ऑक्साइडांसाठी एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं यंत्र. पीठ आधी ९५० ते १००० अंशांवर भाजून वजनातली घट काढतात. इथे बेसाल्टची एक खोच आहे. भाजताना द्विसंयुजी लोह हवेतला प्राणवायू घेतं आणि वजन वाढतं. १ ग्रॅम फेरस ऑक्साइडचं १.११ ग्रॅम फेरिक ऑक्साइड होतं. दगडात १० टक्के फेरस ऑक्साइड असेल तर ते १.१ टक्क्यांची वाढ करतं. म्हणजे खरं पाणी १.५ टक्के असूनही घट ०.४ टक्केच दिसते. आकडा छोटा दिसला म्हणून दगड ताजा समजू नये, आधी ही दुरुस्ती करावी. दुरुस्तीनंतर दोन टक्क्यांच्या वर घट असेल तर नमुना संशयास्पद आहे. भाजलेल्या पिठाचा एक भाग आणि लिथियम टेट्राबोरेटचे पाच ते दहा भाग प्लॅटिनमच्या मुशीत १०५० ते ११०० अंशांवर वितळवून काचेची चकती करतात. चकतीत ढगाळ ठिपका दिसला तर पीठ नीट विरघळलेलं नाही, पुन्हा करावी. ऑक्साइडांची बेरीज ९८.५ ते १०१ मध्ये यायला हवी.

सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी आयसीपी-एमएस, म्हणजे द्रावणातले अणू वजनानुसार मोजणारं यंत्र. साधारण ५० मिलिग्रॅम पीठ टेफ्लॉनच्या झाकणबंद कुपीत हायड्रोफ्लुओरिक आणि नायट्रिक आम्लात दोन दिवस गरम ठेवतात, सुकवतात आणि मग नायट्रिक आम्ल घालून पुन्हा पुन्हा सुकवतात. शेवटी द्रावणात पांढरा गाळ दिसला तर ते फ्लुओराइड आहे. थोरियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (लँथॅनम ते ल्युटेशियम) त्याच गाळात अडकून बसतात आणि निकाल कमी येतो. गाळ दिसत असताना नमुना यंत्राला लावू नये. बेसाल्टला ही पद्धत पुरते. रायोलाइटमध्ये झिरकॉन असतो, तो अशा कुपीत विरघळत नाही, त्यामुळे झिरकोनियम आणि हाफ्नियम फसवे कमी येतात. त्याला उच्च दाबाची बंद कुपी किंवा वितळवणं लागतं. एक्सआरएफचं झिरकोनियम आणि आयसीपीचं झिरकोनियम शेजारी ठेवून पाहिलं की ही चूक लगेच उघडी पडते.

हायड्रोफ्लुओरिक आम्ल शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच हाताळावं. विरळ आम्ल अंगावर पडलं तर सुरुवातीला दुखत नाही, पण ते आत शिरून हाडातल्या कॅल्शियमपर्यंत जातं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल जवळ नसेल तर बाटली उघडूच नये.

नमुने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेसारख्या ठिकाणी पाठवले तरी दर दहा नमुन्यांमागे एक बीएचव्हीओ-२ हा प्रमाण नमुना, एक दुबार नमुना आणि एक कोरी कुपी असा आग्रह धरावा. बीएचव्हीओ-२ हा हवाईचा बेसाल्ट, त्याचे आकडे पक्के माहीत आहेत: मॅग्नेशियम ऑक्साइड ७.२ टक्के, निओबियम १८, लँथॅनम १५.२, यिटर्बियम २.० पीपीएम (दहा लाखांत भाग). आपल्या तुकडीत त्याचा लँथॅनम १३ आला असेल, तर आपल्या दगडांबद्दल एक अक्षरही लिहू नये.

पहिला थर सोलणं: कुजणं

पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, युरेनियम आणि शिसं ही पाण्याबरोबर हलणारी मंडळी. टायटॅनियम, झिरकोनियम, निओबियम, इट्रियम, थोरियम आणि बहुतेक दुर्मिळ मृदा जागची हलत नाहीत. आडव्या अक्षावर झिरकोनियम घेऊन एकेक मूलद्रव्य उभ्या अक्षावर मांडावं. एकाच प्रवाहाचे नमुने निओबियमसाठी सरळ रेषेत आले आणि रुबिडियमसाठी विखुरले, तर रुबिडियम बाद. डोंगरगड पट्ट्यातल्या जुन्या बेसाल्टांत क्लोराइट आणि एपिडोटनं हिरवी झाक आलेली असते. तिथे पहिल्या गटावर विसंबूच नये.

दुसरा थर: स्फटिक

मॅग्नेशियम अंक, म्हणजे मॅग्नेशियम आणि द्विसंयुजी लोह यांच्या अणूंच्या बेरजेत मॅग्नेशियमचे टक्के, काढावा. समजा मॅग्नेशियम ऑक्साइड ६ टक्के, एकूण लोह फेरस ऑक्साइडच्या रूपात १३ टक्के. ६ भागिले ४०.३ म्हणजे ०.१४९. १३ भागिले ७१.८५ म्हणजे ०.१८१, त्यातलं ९० टक्के द्विसंयुजी धरलं तर ०.१६३. मॅग्नेशियम अंक ०.१४९ भागिले ०.३१२, म्हणजे ४८. प्रावरणातल्या ऑलिव्हीनशी समतोल असलेल्या शिलारसाचा अंक ७० च्या वर हवा. ऑलिव्हीन आणि शिलारस यांच्यातला लोह-मॅग्नेशियम वाटपाचा गुणांक ०.३० धरला, तर आपल्या शिलारसातून बसणारं ऑलिव्हीन सुमारे ७५ टक्के फॉर्स्टराइटचं (ऑलिव्हीनचा मॅग्नेशियमवाला घटक) निघतं. प्रावरणातलं असतं ९० च्या आसपास. दख्खनच्या बहुतेक प्रवाहांची हीच गत आहे. ते प्रावरणातून निघाले तसे वर आलेले नाहीत.

पुष्कळ जण इथे संगणकात ऑलिव्हीन परत मिसळत जातात आणि ९० आलं की मूळ शिलारस मिळाला असं मानतात. विदर्भातल्या बेसाल्टसाठी हे चुकीचं ठरतं, कारण त्यातून प्लॅजिओक्लेज आणि ऑगाइट ही खनिजंही खाली बसलेली आहेत. मॅग्नेशियम घटताना कॅल्शियम-ॲल्युमिनियमचं गुणोत्तरही घटत असेल तर ऑगाइट गेलं. शेजारच्या दुर्मिळ मृदांच्या मानानं युरोपियमचा खड्डा असेल तर प्लॅजिओक्लेज गेलं. तिघांचाही हिशोब घेऊन मागे गेल्याशिवाय मूळ शिलारसाचा आकडा छापू नये. त्यापेक्षा स्फटिकीभवनानं फारशी न बदलणारी गुणोत्तरं, म्हणजे निओबियम-लँथॅनम, थोरियम-निओबियम, यांवर भर दिलेला बरा.

तिसरा थर: कवच

आदिम प्रावरणात, म्हणजे कवच वेगळं होण्याआधीच्या मूळ प्रावरणात, निओबियम ०.७१३ आणि लँथॅनम ०.६८७ पीपीएम, गुणोत्तर १.०४. वरच्या खंडीय कवचात १२ आणि ३१, म्हणजे ०.३९. आपल्या नमुन्यात निओबियम ११ आणि लँथॅनम १६ असेल तर ०.६९, म्हणजे मधेच कुठेतरी. थोरियम-निओबियमही बघावं. प्रावरणात ०.१२, कवचात ०.८७ च्या आसपास. दोन्ही एकाच दिशेला झुकले तर कवच मिसळल्याचा संशय धरता येतो. संशयच, कारण खंडाखालचं जुनं, पूर्वी द्रवांनी भिजलेलं प्रावरणही असंच दिसतं. दोन्ही वेगळे करायला समस्थानिक लागतात.

पाठ्यपुस्तकात असं असतं की जितके स्फटिक बसतात तितकं कवच जास्त मिसळतं, म्हणून मॅग्नेशियम कमी असलेले प्रवाह जास्त दूषित असतात. दख्खनमध्ये काही थरांत नेमकं उलट आढळलं. डेव्ही आणि कॉक्स यांनी १९८७ मध्ये दाखवलं की जास्त मॅग्नेशियमवाले प्रवाहच जास्त दूषित होते. जास्त तापलेला शिलारस भेगांच्या भिंती जास्त वितळवतो. म्हणून आलेखावर अपेक्षित उतार दिसला नाही तर दूषण नाही, असं लिहिण्याची घाई करू नये.

मिश्रणाचं गणित करताना कवच कुठलं धरणार, हेही ठरवावं लागतं. जगभराच्या सरासरीऐवजी पूर्व विदर्भातल्या आमगाव नाईसचे दोन-तीन नमुने स्वतः मोजून वापरावेत. पूर्वेकडच्या प्रवाहांखाली त्याच्यासारखं जुनं कवच असण्याची शक्यता जास्त, आणि गोंदियाकडे तो रस्त्याकडेला मिळतो.

प्रावरण

आता खोली. गार्नेट हे खनिज यिटर्बियम, इट्रियम घट्ट धरून ठेवतं. सुमारे ७५ ते ८५ किलोमीटरच्या खाली गार्नेट असतं, वर स्पिनेल हे खनिज. वितळताना गार्नेट मागे उरलं तर शिलारसात यिटर्बियम कमी येतं. टर्बियम आणि यिटर्बियम कोंड्राइट उल्केच्या आकड्यांनी, ०.०३७४ आणि ०.१७० नं, भागून गुणोत्तर काढावं. टर्बियम १.० आणि यिटर्बियम २.६ पीपीएम असेल तर २६.७ भागिले १५.३, म्हणजे १.७५. साधारण १.८ च्या वर गेलं की गार्नेट होतं असं म्हणता येतं. १.७५ सीमेवर आहे. वितळणं गार्नेटच्या पट्ट्यात सुरू होऊन वर स्पिनेलमध्ये संपलं असेल, एवढंच यावरून लिहावं.

किती वितळलं? प्रावरणातल्या खनिजांना अजिबात नको असलेल्या मूलद्रव्यासाठी सोपं सूत्र आहे, वितळलेला अंश म्हणजे स्रोतातलं प्रमाण भागिले मूळ शिलारसातलं प्रमाण. नमुन्यात लँथॅनम १४ आहे, शिलारस निम्मा थिजून स्फटिक झाला होता असं दुसऱ्या थराच्या हिशोबातून निघालं, तर मूळ शिलारसात साधारण ७. स्रोत आदिम प्रावरण धरला तर ०.६८७ भागिले ७, सुमारे १० टक्के. पण स्रोत महासागराखालच्या क्षीण, म्हणजे पूर्वी वितळून अशी मूलद्रव्यं गमावलेल्या, प्रावरणासारखा, ०.१९ पीपीएम लँथॅनमचा, धरला तर तेच उत्तर पावणेतीन टक्के. दगड एकच, उत्तरात साडेतीन पटींचा फरक. म्हणून टक्का लिहिताना कुठला स्रोत धरला ते त्याच वाक्यात लिहिलंच पाहिजे.

समस्थानिकांसाठी चिपा किंवा पीठ आधी कोमट ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात तासभर धुवावं, म्हणजे चुनखडी आणि झिओलाइटचं स्ट्रॉन्शियम निघून जातं. मोजलेलं गुणोत्तर आजचं असतं, उद्रेकाच्या वेळचं काढावं लागतं. रुबिडियम १० आणि स्ट्रॉन्शियम २२० पीपीएम असेल तर रुबिडियम-८७ चं स्ट्रॉन्शियम-८६ शी गुणोत्तर सुमारे ०.१३१. ६.६ कोटी वर्षांत त्यातून ०.०००१२ एवढी वाढ होते. आज ०.७०५५० असेल तर तेव्हा ०.७०५३८. दुरुस्ती किरकोळ आहे. आता हेच बिजली रायोलाइटसारख्या दगडाला लावा. रुबिडियम २००, स्ट्रॉन्शियम ५०, वय २२० कोटी वर्षं धरलं तर दुरुस्ती ०.३७ च्या आसपास येते! रुबिडियम पाण्यानं पाच टक्के जरी हललं असेल, तरी सुरुवातीचं गुणोत्तर दुसऱ्या दशांशात बिघडतं. म्हणून अशा जुन्या खडकांत स्ट्रॉन्शियम सोडून निओडिमियम धरावं.

निओडिमियमचा हिशोबही करून बघा. मोजलेलं १४३/१४४ गुणोत्तर ०.५१२५५०, समॅरियम-१४७ चं निओडिमियम-१४४ शी ०.१५. ६.६ कोटी वर्षांपूर्वी ते ०.५१२४८५. कोंड्राइटचं आजचं ०.५१२६३८, तेव्हाचं ०.५१२५५३. फरक दहा हजारांच्या पटीत, म्हणजे एप्सिलॉन, उणे १.३. अधिक चिन्ह क्षीण प्रावरणाकडे नेतं, उणे चिन्ह जुन्या कवचाकडे किंवा जुन्या समृद्ध प्रावरणाकडे.

तुलना सह्याद्रीतल्या ठरलेल्या थरांशी, म्हणजे रसायनावरून गट पाडलेल्या लाव्हाप्रवाहांशी, करतात. अंबेनळी थर सगळ्यात कमी दूषित, सुरुवातीचं स्ट्रॉन्शियम सुमारे ०.७०४. बुशे थर सगळ्यात दूषित, ०.७१३ च्या वर. इथे एक मोह टाळावा. यवतमाळचा प्रवाह टायटॅनियम, झिरकोनियम, निओबियमनं अंबेनळीसारखा दिसला, की तो सह्याद्रीतून वाहत आला असं लिहून टाकतात. लाव्हा एवढा लांब जाऊ शकतो हे खरं आहे, आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या प्रवाहांबद्दल तसं मानलं जातं. पण ईशान्य दख्खनमधल्या अशा हुबेहूब दिसणाऱ्या प्रवाहांचं शिसं तपासल्यावर पुष्कळदा ते वेगळं निघालं आहे, म्हणजे त्यांची वाट वेगळी होती. शिशाची समस्थानिकं मोजेपर्यंत ‘अंबेनळीसदृश’ एवढंच लिहावं.

दख्खनचे उद्रेक हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखालच्या, प्रावरणातून वर येणाऱ्या तप्त स्तंभामुळे झाले का, हा प्रश्न शेवटी येतोच. त्याचा भक्कम रासायनिक पुरावा हेलियमचा. राजस्थानातल्या मुंडवारा आणि बाडमेर इथल्या, दख्खनच्या सुरुवातीच्या अल्कधर्मी खडकांत हेलियम-३ चं हेलियम-४ शी गुणोत्तर हवेच्या सुमारे १४ पट मिळालं, रियुनियनलाही १२ ते १४ पट मिळतं. ते मोजायला ताजे, टपोरे ऑलिव्हीन किंवा पायरॉक्सिन स्फटिक लागतात. विदर्भातल्या नेहमीच्या बारीक कणांच्या बेसाल्टमध्ये ते क्वचित मिळतात. म्हणून विहिरीतल्या दगडावरून तप्त स्तंभ सिद्ध झाला असं लिहू नये. चांगल्या निवडलेल्या दहा नमुन्यांवरून हे लिहिता येतं: गाविलगडच्या दक्षिणेचे हे प्रवाह गार्नेट-स्पिनेल सीमेच्या आसपास वितळले, आदिम स्रोत धरला तर सुमारे दहा टक्के, आणि वर येताना त्यांनी आमगाव नाईससारखं कवच इतकं इतकं घेतलं. ‘इतकं इतकं’च्या जागी आकडा येईल तेव्हा त्याची अधिक-उणे चूकही शेजारी असू द्यावी, आणि उरलेलं पीठ बाटलीत सील करून क्रमांकासह विभागाच्या कपाटात ठेवावं. शिसं मोजायला पुढच्या वर्षी कुणीतरी तेच मागायला येईल.